आईची जोडगोळी

छोट्या बाईंना वाचायला चष्मा लागतो, कानाशी केस पांढरे झालेत, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, तरी त्या छोट्या बाईच. मोठ्या बाई म्हणजे त्यांची आई. जनावरांचा हा दवाखाना आईने काढला, आईनेच नावारूपाला आणला, आणि आई जाऊन वर्ष उलटलं तरी दारात येणारं माणूस विचारतं, "छोट्या बाई आहेत का?" जणू मोठ्या आत हात धूत आहेत आणि आत्ता पुसत पुसत बाहेर येतील. छोट्या बाईंनाही अधूनमधून तसंच वाटतं. आत पाण्याचा आवाज झाला की मान वळते. मग लक्षात येतं की नळ गळतोय आणि प्लंबरला फोन करायचा आजही राहिलाय.

दवाखाना तसा दोन खोल्यांचा. बाहेर बाक, ज्याचे पाय घाबरलेल्या कुत्र्यांनी खरवडून खरवडून निम्मे केलेत. आत तपासायचं टेबल आणि सरकत्या दारापलीकडे ऑपरेशनची खोली. त्या खोलीत औषधांचं काचेचं कपाट, आणि कपाटाच्या मधल्या फळीवर, न बघता हात जाईल अशा जागी, दोन बाटल्या शेजारी शेजारी. घरात त्यांचं नाव होतं जोडगोळी.

एक झायलाझीन, दुसरं केटामीन. पहिल्याने अंग सैल पडतं, पण काळीज फार सावकाश चालायला लागतं. दुसऱ्याने शुद्ध हरपते, पण अंग लाकडासारखं ताठ होतं आणि काळीज धावत सुटतं. एकेकट्याच्या खोडी पुष्कळ; दोन्ही एका सुईत गेली की एकमेकांच्या खोडी झाकतात. आईने हयातभर या दोघांच्या जिवावर कुत्र्यांची नसबंदी केली. भटकी, पाळलेली, लाडावलेली, चावरी, सगळी याच वाटेने झोपली आणि याच वाटेने उठली. "झायलाझीन म्हणजे तुझे बाबा," आई म्हणायची. "आग लागली तरी चप्पल शोधत बसतील. आणि केटामीन म्हणजे मी. दोघं मिळून बरं चाललंय, एकटं कुणाच्या वाट्याला यायला नको." बाबा तेव्हा कुत्र्याची मांडी धरून उभे असायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

बाबा होते पाणीखात्यात कारकून. आयुष्यभर लोकांच्या नळांच्या तक्रारी ऐकल्या. स्वतःच्या बायकोच्या दवाखान्यातला नळ मात्र त्यांनाही कधी दुरुस्त करता आला नाही. संध्याकाळी कचेरी सुटली की ते इथे यायचे, बाह्या सरसावायचे आणि झोपलेल्या कुत्र्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवून उभे राहायचे. नाडी तिथे लागते. तेव्हा नाडी मोजणारं यंत्र नव्हतं, बाबा होते. आई कापता कापता, मान वर न करता विचारायची, "काय म्हणते?" आणि बाबा म्हणायचे, "आहे. चाललंय." झालं. पुन्हा शांतता. लहानपणी दाराच्या फटीला डोळा लावून छोट्या बाईंनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की नवरा-बायको एकमेकांशी असंच बोलतात, असा त्यांचा पुष्कळ दिवस समज होता.

आईचा आणखी एक नियम होता. सुई टोचण्याआधी कुत्र्याच्या माणसाने त्याच्या कानाशी वाकून म्हणायचं, "जाऊन ये." झोप, असं नाही म्हणायचं. बाय नाही, टाटा नाही. आपण घराबाहेर पडताना 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. तसंच. मोठमोठे मिशाळ गडी वाकून, लाजत, आपल्या कुत्र्याला 'जाऊन ये हं' म्हणायचे. आणि कुत्रं जागं झालं की त्याच माणसाने समोर बसून विचारायचं, "आलास?" आईचं म्हणणं, जाताना ज्याचा आवाज ऐकला तोच येताना कानावर पडला की जीव घाबरत नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण छोट्या बाईंनी दवाखान्यातलं बाकी सगळं बदललं, हे नाही बदललं.

बाकी खरंच बदललं. छोट्या बाईंनी भुलीच्या वायूचं यंत्र आणलं. नाडी, श्वास, रक्तातला प्राणवायू दाखवणारा पडदा आणला. आता प्रत्येक कुत्र्याचं वय, वजन, काळीज, मूत्रपिंड बघून औषधं ठरायची. तरणंताठं, धडधाकट कुत्रं असलं तर जोडगोळीही चालायची, म्हणून त्या बाटल्या अजून फळीवर होत्या. आईने यंत्राभोवती एक फेरी मारली होती, पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे पाहिलं होतं आणि बाबांना म्हणाली होती, "घ्या, तुमची नोकरी गेली."

आता चिंधीबद्दल.

चिंधी म्हणजे आईची कुत्री. दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी चिंध्यांचं बोचकं ठेवून गेलं होतं. आईने ते कचऱ्यात टाकायला उचललं तर आतून शिंक आली. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि स्वभाव असा की घरातला एक माणूस दुसऱ्या खोलीत गेला तरी हिची कुरकुर सुरू. बाबांच्या अंगठ्यावर तिचं विशेष प्रेम. ते खुर्चीत बसले की ही शेजारी बसून अंगठा चाटायची. "यांच्याशी लग्न करून इतक्या वर्षांत मी कधी एवढी सेवा केली नाही," असं आई म्हणायची आणि ते अगदी खरं होतं.

आई सगळ्या जगाला बजावायची, कुत्रीचं ऑपरेशन वेळेवर उरकून टाका, नाहीतर उतारवयात गर्भाशयात पू होतो. आणि तिच्या स्वतःच्या चिंधीचं ऑपरेशन? "बघू पुढच्या महिन्यात." पुढचा महिना काही उजाडला नाही. लोक चेष्टा करायचे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आई विषय बदलायची.

तर त्या चिंधीला बाबा एका दुपारी घेऊन आले. खात नव्हती, वाडग्यामागून वाडगा पाणी पीत होती आणि मागच्या अंगाला वास येत होता. छोट्या बाईंनी पोटाची सोनोग्राफी केली. पडद्यावर काळ्या, फुगलेल्या वळकट्या दिसल्या. आई सगळ्यांना जे बजावायची तेच झालं होतं.

"उद्या सकाळी करावं लागेल, बाबा," त्या म्हणाल्या. "थांबून चालणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून बाबांचा हा एकच शब्द उरला होता. फोन ठेवताना बरं, जेवायला वाढलं तर बरं, घरातून निघताना बरं. 'येतो' म्हणायचेच नाहीत. दारापर्यंत जायचे, हात किंचित वर करायचे, की निघाले. छोट्या बाईंना त्याचं कारण ठाऊक होतं. आईला मोठ्या इस्पितळात ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ती ढकलगाडीवर आडवी पडूनही भूल देणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा घेत होती, "काय देताय? किती देताय? माझं वजन खरं लिहिलंय ना?" दाराशी गाडी थांबली. तिने बाबांकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे नियम विसरलात का? बाबा वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "जाऊन ये." मग ते बाहेर बाकावर बसून राहिले. 'आलीस?' हा शब्द तोंडात तयार ठेवून बसले होते, असं त्यांनी नंतर एकदाच सांगितलं. तो शब्द तसाच राहिला.

"एक सांगू?" चिंधीचा पट्टा हाताला गुंडाळत बाबा म्हणाले. "औषध आईचंच दे. जोडगोळी."

"बाबा, हिचं काळीज..."

"आईच्या हाताखाली न उठलेलं कुत्रं मला आठवत नाही, ठमे."

ठमी हे छोट्या बाईंचं घरातलं नाव. न उठलेली कुत्री होती. थोडी होती, पण होती. अशा दिवशी आई मागच्या पायरीवर एकटी बसायची आणि त्या रात्री घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. बाबांना ते आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, कुणास ठाऊक. छोट्या बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी चिंधीला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि बाबांना बजावलं, "खायला काही नको. पाणी मात्र असू द्या, ते काढू नका."

"बरं."

त्या रात्री त्यांना झोप नीट लागली नाही. चिंधीच्या काळजाची झडप जन्मापासून अधू होती. ठोक्यामागे दर वेळी एक फुसकारा ऐकू यायचा. 'हिचं काळीज बोलतं,' असं आई म्हणायची. इतकी वर्षं ते बोलत होतं आणि चाललं होतं. आता अंगात पू, वर वय. अशा काळजाला झायलाझीन दिलं तर रक्तवाहिन्या आवळतात, ठोके मंदावतात आणि अधू झडपेतून रक्त उलटं फिरतं. वरून केटामीन त्याच काळजाला पळवणार. आणि चिंधी उठली नाही, तर त्या घरात बाबांचा अंगठा चाटायला कोण होतं? गेल्या वर्षभरात बाबा सकाळी उठले ते चिंधीला फिरवायचं म्हणून आणि स्वयंपाकाला लागले ते चिंधीला भूक लागेल म्हणून. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण छोट्या बाईंना दिसत होतं. उद्या टेबलावर कुत्री एक असली तरी जीव दोन होते.

सकाळी बाबा वेळेआधीच हजर. बाहेर सिस्टर अजून फरशी पुसत होत्या. सिस्टर म्हणजे आईच्या काळापासूनच्या मदतनीस. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, कुत्र्यांचे मालकही. छोट्या बाईंनी चिंधीचा ओठ वर करून हिरड्या दाबल्या. कोरड्या ठणठणीत. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"बाबा, ही रात्री पाणी प्यायली नाही?"

बाबा सरळ बघत म्हणाले, "काढून ठेवलं होतं ना. संध्याकाळीच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून खाणं नाही, पाणी नाही. आईचा नियम."

"मी सांगितलं होतं, पाणी काढू नका म्हणून!"

"सांगितलंस. पण मला वाटलं, आईचं जास्त बरोबर."

छोट्या बाईंचा पारा चढला. तोंडापर्यंत आलेले शब्द त्यांनी गिळले, कारण बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "रात्रभर ती रिकामा वाडगा चाटत होती," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तिच्या भल्यासाठीच आहे." दुसऱ्या कुठल्या माणसाने ही चूक केली नसती. दुसऱ्या माणसाने डॉक्टरचं ऐकलं असतं. ही चूक करायला माणूस डॉक्टरणीचा नवराच असावा लागतो.

ऑपरेशन काही तास पुढे ढकलावं लागलं. चिंधीच्या पुढच्या पायाला सुई लावून सलाइन सुरू केलं, तेही सावकाश, कारण घाईने दिलं तर त्या अधू काळजाला झेपणार नव्हतं. सिस्टरनी जमिनीवर चादर अंथरली. चिंधी तिच्यावर, एका बाजूला बाबा भिंतीला टेकून, दुसऱ्या बाजूला छोट्या बाई गुडघ्याच्या नावाने बोटं मोडत. बाटलीतून थेंब पडत होते. आता करायला काही नव्हतं, म्हणून मग बोलणं निघालं.

"तुला आठवतं का," बाबा म्हणाले, "तो चक्कीवाल्याचा कुत्रा? आई सुई घेऊन वळली आणि हा टेबलावरून उडी मारून थेट रस्त्यावर?"

"आणि तुम्ही मागे. हातात जोडगोळीची सुई."

"तीन गल्ल्या पळालो. लोकांना वाटलं, मीच पिसाळलोय." ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून हसणं खोकल्यासारखं निघालं. "तिथेच रस्त्यात झोपवला त्याला. आणि चक्कीवाला पिठाने माखलेला, रस्त्यात गुडघे टेकून म्हणतोय, जाऊन ये रे राजा."

दोघंही मग बराच वेळ एकेक कुत्रं आठवत राहिली. कोणाचं कोण, कुठे चावलं, जाग आल्यावर आधी काय खाल्लं. गेलेल्या माणसाबद्दल सरळ बोलता येत नाही, तेव्हा माणसं अशी कुत्र्यांबद्दल बोलतात. छोट्या बाईंना त्या संध्याकाळी आठवल्या, स्पिरिटचा वास आणि बाबांच्या डब्यातला उरलेला खाऊ, आणि दाराच्या फटीतून येणारी ती दोनच वाक्यं. किती साधं होतं सगळं, आणि तेव्हा वाटायचं की हे काही संपायचं नाही.

चिंधीच्या हिरड्यांना ओल आली तसं बाबांनी पुन्हा विचारलं. या खेपेला हट्ट नव्हता, भीती होती. "मग आईचं औषध नाहीच द्यायचं?"

छोट्या बाई चिंधीचा पडका कान बोटांत घोळवत होत्या. उत्तर त्यांनाही त्याच क्षणी सुचलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, पण उलगडलं नव्हतं.

"बाबा, आईने गावभरच्या कुत्र्यांची ऑपरेशनं केली. हिचंच का नाही केलं?"

"वेळ झाला नाही."

"आईला? रविवारी दुपारी जेवण सोडून दुसऱ्याच्या मांजराला टाके घालायची, तिला हिच्यासाठी वेळ झाला नाही?" त्या म्हणाल्या. "तिने हिचं काळीज ऐकलं होतं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, जोडगोळीच होती. आणि जोडगोळी हिला सोसणार नाही हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? म्हणून बघू पुढच्या महिन्यात. ती चालढकल नव्हती. औषध काय द्यायचं याचा निर्णयच होता तो."

बाटलीतून थेंब पडत राहिले.

"यंत्र आणल्यावर मला एकदा म्हणाली होती, तू कर हिचं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, राहू दे. घाबरली होती, बाबा. आपल्या घरातल्या जिवाला घाबरतातच सगळे. मीही घाबरलेय."

"घाबरली होती," बाबा स्वतःशीच म्हणाले. आई आणि घाबरणं हे दोन शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदाच शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "तू काय देणार आहेस?"

छोट्या बाईंनी सांगितलं. आधी अफूच्या कुळातलं दुखणं मारणारं औषध, त्यात जरासं मिडॅझोलॅम, म्हणजे जीव शांत होईल. नाकाशी प्राणवायू. मग शिरेतून प्रोपोफॉल, अगदी थेंबाथेंबाने, डोळा लागेपर्यंतच. पुढे नळीतून वायू, तोही थोडा. आणि चिरा घ्यायच्या जागी बधिर करायचं इंजेक्शन, म्हणजे वायूवर भार नको. "एकावर सगळं टाकायचं नाही. सगळ्यांनी थोडं थोडं उचलायचं."

"म्हणजे एकत्र कुटुंब," बाबा म्हणाले.

"म्हणा तसं."

"भांड्याला भांडं लागेल."

"लागू द्या. ओझं तर वाटलं जाईल."

बाबा उठले, कपाटापाशी गेले. मधल्या फळीवरच्या त्या दोन बाटल्यांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, त्यातली एक वाकडी उभी होती ती सरळ केली आणि दार लावून टाकलं. "तू बघ," ते म्हणाले. "तुझा निर्णय."

पहिलं इंजेक्शन दिलं. चिंधीच्या पापण्या जड झाल्या, उभा कान पडक्या कानासारखा झाला. तिला टेबलावर घेतलं, मुखवटा नाकाशी धरला. सिस्टरनी पांढऱ्या प्रोपोफॉलची सुई छोट्या बाईंच्या हातात दिली आणि सवयीने बाबांकडे पाहिलं. आता माणसाने वाकून म्हणायचं असतं.

बाबा टेबलाशी उभे होते. ते अर्धवट वाकले, पण पुन्हा सरळ झाले.

"मी नाही म्हणणार," ते म्हणाले. "मागच्या खेपेला म्हटलं होतं."

सिस्टरनी मान खाली घातली. छोट्या बाईंना वाटलं, आपण म्हणावं. पण त्या चिंधीचं माणूस नव्हत्या आणि नियम खोटा करायला मन घेईना. "नका म्हणू," त्या म्हणाल्या. "बोटं ठेवा पण."

बाबांनी बाह्या सरसावल्या. चिंधीच्या मांडीच्या आत दोन बोटं ठेवली. पांढरं औषध थेंबाथेंबाने गेलं, चिंधीने एक खोल श्वास घेतला आणि जबडा सैल पडला. नळी घशात गेली. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, आणि तिच्या खाली आकडे.

गर्भाशय मनगटाएवढं फुगलेलं निघालं. छोट्या बाई नखभर घाई न करता काम करत होत्या. हे फुटलं असतं तर संपलंच होतं सगळं. एक बाजू बांधून झाली, दुसरी बांधायला घेतली आणि यंत्र किंचाळायला लागलं. पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा धडाधडा कोसळत होता. प्राणवायू मोजायला चिंधीच्या जिभेला चिमटा लावलेला असतो, सिस्टर त्याच्याकडे झेपावल्या. बाबांचा हात मांडीवरून उचलला गेलेला.

चिमट्याखालची जीभ सुकली की यंत्र असं खोटं ओरडतं, हे छोट्या बाईंना माहीत होतं. पण खोटं कधी आणि खरं कधी, हे ओरडणं ऐकून कळत नाही. हात रक्तात, मान वर करता येत नाही. आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "काय म्हणते?"

आवाज छोट्या बाईंचा होता, पण सूर त्यांचा नव्हता.

बाबांची बोटं परत जागेवर गेली. त्यांनी डोळे मिटले. "आहे," ते म्हणाले. "चाललंय."

सिस्टरनी जीभ ओली करून चिमटा नीट लावला. आकडा वर आला, यंत्र गप्प बसलं. छोट्या बाईंनी दुसरी गाठ मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते मास्कमध्ये जिरलं.

ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. पोट शिवलं, वायू बंद केला, नुसता प्राणवायू ठेवला. गरम पाण्याच्या पिशव्या अंगाशी, वर घोंगडी. आता चिंधीने उठायचं होतं.

ती उठेना.

बाबा तिच्या तोंडासमोर खुर्ची घेऊन बसले होते. पापणीच्या कोपऱ्याला बोट लावलं तर पापणी हलायची, तेवढंच. सिस्टरनी हत्यारं धुतली, पुसली, मांडली. चिंधी झोपलेलीच. यंत्र चांगलं सांगत होतं, नाडी चांगली होती. पण डोळा काही उघडेना.

"मी म्हटलं नाही म्हणून," बाबा एकदम म्हणाले.

"बाबा, काहीतरीच काय."

"म्हणायला हवं होतं. कुणीच म्हटलं नाही. तिला परत यायला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी चिंधीवरची घोंगडी उगाच पुन्हा नीट केली. "आईला म्हटलं तर ती आली नाही. हिला नाही म्हटलं तर ही येत नाही. काय करायचं मी, ठमे? माझं तोंडच वाईट."

वर्षभर ते 'बरं' म्हणत होते त्याच्या खाली हे दडलेलं होतं. छोट्या बाई त्यांच्यासमोर खाली बसल्या, गुडघ्याची पर्वा न करता, आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"ऐका. आईला तुम्ही म्हटलंत, ती ते ऐकून आत गेली. शेवटचा आवाज तिने तुमचा ऐकला. ती आली नाही, ती तिच्या आजाराने. तुमच्या शब्दात तिला परत आणण्याचं बळ नव्हतं आणि नेण्याचंही नव्हतं. तो नियम कुत्र्यांसाठी नव्हताच मुळी, बाबा. बाकावर बसणाऱ्या माणसांसाठी होता. त्यांना हातात धरायला काहीतरी लागतं ना." त्यांनी मानेनेच चिंधीकडे खूण केली. "आणि ही म्हातारी आहे, गारठलीये, रात्रभर तहानेली होती. औषध उतरायला वेळ लागतो. एवढंच आहे. बसा."

बाबा बसले. हातातला एक हात सोडवून त्यांनी तो चिंधीच्या तोंडाशी ठेवला. दुसरा छोट्या बाईंच्या हातात राहिला.

बाहेरच्या बाकावर कुणीतरी मांजर घेऊन येऊन बसलं. आत नळ गळत होता. चिंधीचा घसा हलला. पुन्हा हलला, तिने गिळलं. छोट्या बाईंनी झटकन नळी काढली. चिंधीने एक डोळा उघडला, तो भलतीकडेच बघत होता. मग जीभ बाहेर आली, कोरडी, वाकडी, आणि चाचपडत चाचपडत बाबांच्या अंगठ्याला लागली.

बाबा वाकले.

"आलीस?" ते म्हणाले.

चिंधीची शेपटी घोंगडीखाली एकदा आपटली. बाबांनी कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं. "आलीस?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि हे दुसऱ्यांदा विचारणं चिंधीसाठी नव्हतं. "किती वेळ लावलास गं. केव्हाचा बसलोय."

छोट्या बाई उठून नळापाशी गेल्या. हात केव्हाच धुतलेले होते, तरी पुन्हा धुतले. सिस्टर बाहेर जाऊन मांजरवाल्याला सांगून आल्या, जरा थांबा, बाई कामात आहेत.

चिंधीला त्या रात्री दवाखान्यातच ठेवायचं ठरलं. संध्याकाळी ती अर्धा वाडगा पाणी प्यायली. बाबांनी तो वाडगा स्वतः भरला, पिंजऱ्यात ठेवला, आणि काही कारण नसताना परत भरला. मग चपला घातल्या, मोकळा पट्टा खिशात टाकला आणि सरकत्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

छोट्या बाई मनात म्हणाल्या, आता हात वर करतील.

"येतो गं," बाबा म्हणाले. "सकाळी येतो."